कोपरे चार

सुकलालभाऊंना हसताना कुणी पाहिलं असेल तर त्याने मला येऊन सांगावं. सोळा वर्षं मी त्यांच्या दुकानासमोर राहिले. माझ्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलं की त्यांचं तोंड सरळ समोर दिसायचं. उन्हाळा, पावसाळा, लग्नसराई, गणपती, कधीही बघा, ते तोंड तसंच. आणि या माणसाच्या ड्रॉवरमध्ये काय भरलेलं होतं म्हणाल, तर लोकांना हसवणारी जुनी पोस्टकार्डं.

गेल्या श्रावणात ते गेले. दुकानाचं शटर बंद आहे. आत आता कुणी नाही, पण दुपारी माझं लक्ष तिकडेच जातं. म्हणून म्हटलं, आठवतंय तोवर लिहून काढावं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. वाचायला शिकले ती पुड्यांच्या कागदांवर. तेव्हा जसं बोलते तसंच लिहीन, सांभाळून घ्या.

जळगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, एक माणूस बसेल आणि दुसरा उभा राहील एवढी जागा. डाव्या डोळ्याला भिंग, हातात चिमटा. एकटा माणूस. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मी आमच्या यांचं मनगटी घड्याळ घेऊन गेले. त्यांनी ते उघडलं, आत फुंकर मारली आणि म्हणाले, "उद्या या." मी वळले तर म्हणाले, "अक्का, थांबा जरा." आणि खालचा ड्रॉवर ओढून आतल्या अल्बममधलं एक कार्ड माझ्या हातात ठेवलं.

कार्डावर एक गाढव खुर्चीत बसलेलं. नाकावर चष्मा. समोर कोट घातलेला एक साहेब जीभ बाहेर काढून उभा, आणि गाढव त्याची नाडी बघतंय. मला असं हसू आलं, असं आलं, की पदर तोंडाला लावावा लागला. नवीन गल्ली, ओळख ना पाळख, आणि मी भर रस्त्यात हसतेय. सुकलालभाऊ मात्र कार्डाकडे बघतच नव्हते. भिंगातून माझ्या तोंडाकडे बघत होते, चाकाचे दाते मोजावेत तसे. मग कार्ड परत घेतलं, त्याच्या पाठीमागची चिठ्ठी काढली आणि बारीक अक्षरात लिहिलं, 'समोरच्या अक्का. हसल्या.'

प्रत्येक कार्डाला अशी एक चिठ्ठी. त्यात चित्रात काय आहे ते, कार्डात खोट काय आहे ते, आणि कोण हसलं ते. शेवटची ओळ नेहमीची. 'कोपरे चार.' किंवा 'कोपरे तीन, वरचा डावा नाही.' मला वाटायचं, जमवणाऱ्यांची रीत असेल. पण ते दिवाळीला गल्लीतल्या गल्लीत सगळ्यांना साधं पिवळं पोस्टकार्ड टाकायचे. समोरच्या घराला पोस्टाने कार्ड, बघा म्हणजे! त्यावरही खाली तेच. 'दिवाळीच्या शुभेच्छा. कोपरे चार.' आमचे हे म्हणायचे, "सुकलालच्या डोक्यातला एखादा स्क्रू चिमट्यातून खाली पडलाय." मीही हसायचे. आता वाटतं, निदान एकदा विचारायला हवं होतं.

ही कार्डं यायची बहुतेक भुसावळहून. रेल्वेतले साहेब लोक कधीकाळी बंगल्यांत राहून गेले, त्यांच्या मागे राहिलेल्या ट्रंका रद्दीत निघायच्या. नशिराबादचे रशीदभाई भंगारवाले तिकडून माल उचलायचे आणि चित्र दिसलं की वेगळं ठेवायचे. महिन्यातून एकदा सायकलवर पिशवी अडकवून यायचे आणि रस्त्यातूनच ओरडायचे, "सुकलालभाई, हंसनेवाले आ गये!" सुकलालभाऊ पिशवी उघडायचे, एकेक कार्ड भिंगाखाली धरायचे आणि शेवटी ठरलेलं विचारायचे, "आणि ते?" रशीदभाई मान हलवायचे. "नहीं भाई. वो नहानेवाला नहीं मिला." तो आंघोळ करणारा कोण, हे मला ठाऊक नव्हतं. सुकलालभाऊंचा चेहरा असाही पडलेलाच, त्यामुळे तो आणखी पडला की नाही ते कळायचं नाही.

एक कार्ड होतं, पोटावर दाबलं की त्यातली मांजर ओरडायची. आतला चामड्याचा बारीक भाता वाळून गेला होता. दुकानात घड्याळं रांगेत पडून, आणि सुकलालभाऊ फुग्याचं रबर कापून आठ दिवस भाता बसवतायत. बसला. गल्लीतली पोरं येऊन दाबून दाबून जायची. पण दुरुस्ती म्हणजे एवढीच. जे होतं ते चालू करायचं. जे नाही ते आपल्या मनाने घालायचं नाही.

हे मला कसं कळलं ते सांगते. गल्लीत एक चित्रकलेचे मास्तर राहायचे, फार मायाळू माणूस. एका कार्डावर साहेबाच्या पँटला लोंबकळणारा कुत्रा होता आणि नेमका शेपटीचा भाग झिजून पांढरा पडला होता. मास्तरांनी ते कार्ड हौसेने घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी शेपूट रंगवून आणलं. इतकं सुरेख की नवं-जुनं ओळखू येईना. मास्तरांना वाटलं, भाऊ खूश होतील. सुकलालभाऊंनी भिंग लावलं, बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, हे काय केलंत?"

"अहो, कुत्र्याला शेपूट असतेच ना!"

"कुत्र्याला असते. या कार्डाला नव्हती."

मास्तर बिचारे चप्पल घालून निघून गेले. आणि हा माणूस दाढीचं पातं घेऊन ती शेपूट खरवडत बसला. चांगले दोन तास. मी चहा नेऊन दिला, तो गार झाला. मी म्हटलं, "भाऊ, एवढं काय त्यात? बरं दिसत होतं की." तर मान वर न करता म्हणाले, "अक्का, कार्डावर जे नाही ते आहे म्हणून दाखवलं, की कुणाचं काय होईल सांगता येत नाही." मला वाटलं, काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. चिठ्ठीवर लिहिलं, 'कुत्रा. शेपूट नाही. कोपरे चार.'

मग आमचे हे गेले. आता त्याचं फार सांगत नाही. फोन सगळीकडे आले होते, पण माझ्या सासरकडची जुनी माणसं आडगावांत, त्यांना कार्डच टाकायचं ठरलं. सुकलालभाऊंचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून माझ्या मुलाने त्यांना बोलावलं. सतरंजीवर बसून त्यांनी पंधरा-सोळा कार्डं लिहिली. त्या कार्डांवर शेवटची ओळ नव्हती, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. लिहून झाली तशी मी एकेक उचलून कोपरा फाडायला लागले. आमच्याकडची रीतच ती. मयताच्या कार्डाचा एक कोपरा फाडायचा. ज्याच्या हातात पडेल त्याला वाचायच्या आधी कळावं. असं कार्ड कुणी घरात नेत नाही. दारातच वाचतात, वाचता येत नसेल तर वाचायलाही थांबत नाहीत, रडं सुरू होतं, आणि कार्ड तिथेच फाडून टाकतात.

मी दुसरा कोपरा फाडला आणि सुकलालभाऊ उठले. "अक्का, मी जातो," म्हणाले आणि अनवाणीच रस्ता ओलांडून गेले. चपला आमच्या दारात. ऐन वैशाखातला डांबरी रस्ता तो.

तीन महिन्यांनी ते दुपारचे आले. चपला नेल्या नव्हत्या, त्या मी उचलून ठेवल्या होत्या. त्या दिवशी ओट्यावर बसून त्यांनी मला सांगितलं. आम्ही गल्लीत यायच्या आधीची गोष्ट.

साक्रीच्या पुढे अर्ध्या तासावर त्यांचं गाव. तिथे त्यांची म्हातारी माय आणि थोरले भाऊ, त्यांना सगळे आबा म्हणतात. आबांनी शेती केली, माय सांभाळली. सुकलालभाऊ धाकटे, ते जळगावला घड्याळं शिकायला आले आणि इथलेच झाले. एकदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी रशीदभाईंनी एक कार्ड आणलं. चित्रात लाकडी टब, टबात चांगला मिशीवाला बाप्या उघडाबंब बसलेला, आणि त्याची एवढीशी म्हातारी आई स्टुलावर चढून त्याचा कान पिळून पिळून घासतेय. बाप्याने डोळे गच्च मिटलेत. सुकलालभाऊंना त्यांची मायच दिसली. लहानपणी ती तशीच कान धरून आंघोळ घालायची. कार्डाचा खालचा उजवा कोपरा तुटलेला होता, जुनं कार्ड, कुरकुरीत झालेलं. त्यांनी मागे तिकीट लावलं, पत्ता लिहिला आणि लिहिलं, 'माय, चित्र पाह्य आनी हास.' आणि टाकलं पेटीत.

"कोपरा नाही, एवढं मला दिसलं होतं अक्का," ते म्हणाले. "चिठ्ठीवर लिहिलंसुद्धा होतं. रोज तुटक्या कोपऱ्यांची कार्डं बघणारा माणूस मी. हा कोपरा गावात काय सांगेल, ते डोक्यातच आलं नाही."

पोस्टमनने मान खाली घालून कार्ड म्हातारीच्या हातात दिलं. आबा शेतात. म्हातारीला वाचता येत नव्हतं. कोपरा बोटाला लागला, तेवढं पुरे झालं. जळगावचं कार्ड म्हणजे सुकलालच. कार्ड तिथेच पडलं, शेजारणीने रीतीप्रमाणे फाडून उकिरड्यावर टाकलं, आणि त्या गडबडीत म्हातारी कधी निघाली ते कुणाला कळलं नाही. त्या उन्हात, अनवाणी, एसटी धरायला. संध्याकाळी फरशीपुलापाशी पडलेली सापडली.

गावाहून फोन आला तो सुकलालभाऊंच्या शेजारच्या दुकानात. तिकडून आबा रडत विचारतायत, "सुकलालले कवय आणतस?" म्हणजे प्रेत कधी आणताय. आणि फोन घेतला होता सुकलालभाऊंनीच. ते म्हणाले, "आबा, मी बोली राह्यनू." पलीकडे नुसती खरखर.

तिसऱ्या दिवशी माय गेली. सुकलालभाऊ तोवर पोचले होते. खाटेपाशी बसले तेव्हा तिने डोळे उघडले, यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मी बी उनी रे भाऊ तुन्हा मांगे. आते तू एकला नही." तिला वाटलं, दोघंही वर येऊन भेटले. हे काही बोलले नाहीत. "मी जिता आहे म्हणून सांगायला हवं होतं का हो अक्का?" त्यांनी मला विचारलं. मी तांदळातले खडे शोधत राहिले.

दहावं झालं आणि आबा म्हणाले, "तुन्हा गंमतमा माय गयी. आते या दारमा पाय ठेवू नको."

तेव्हापासून दर आखाजीला, आमच्या खानदेशात घरोघरी पितरांची घागर भरतात त्या दिवसाच्या आधी, सुकलालभाऊ आबांना एक पिवळं कार्ड टाकायचे. 'मायची घागर भरायला येऊ का? कोपरे चार.' उत्तर नाही. बावीस वर्षं नाही. ते चित्र तर कुणी पाहिलंच नव्हतं. मायने नाही, आबांनी नाही, फाडणारीनेही नाही. आबांना वाटत होतं, याने काहीतरी टवाळी पाठवली. यांचं एकच म्हणणं, तसलंच दुसरं कार्ड मिळालं पाहिजे, चारी कोपऱ्यांचं. आबांनी एकदा बघावं की त्यात काय होतं. बघून मग हाकला म्हणावं. बाकी सगळी कार्डं, गाढव, मांजर, कुत्रा, ही त्या शोधात हाताला लागलेली.

गेल्या वर्षी चैत्रात रशीदभाई आले. सायकल सुटली होती, गुडघे गेले होते, नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून आले. या वेळी ओरडले नाहीत. खाली उतरले, काठी टेकत दुकानापाशी गेले आणि हळूच म्हणाले, "सुकलालभाई. नहानेवाला." पिशवीतून काढलं ते तेच. मी ओट्यावरून धावत गेले. मिशीवाला, टब, स्टूल, म्हातारी. सुकलालभाऊंनी चिमट्याने चारी कोपरे एकेक करून तपासले. भिंगाच्या काचेवर वाफ धरली होती. रशीदभाई म्हणाले, "अब तो हंस दो, भाई." हे म्हणाले, "आबा हसू देत आधी."

हे कार्ड पोस्टात टाकायची त्यांची हिंमत नव्हती. मला म्हणाले, "अक्का, तुम्ही बरोबर चला. दारात बाईमाणूस उभं असलं तर आबा हाकलणार नाहीत." मी गेले. धुळ्याला एसटी बदलली, साक्रीहून जीप केली. कार्ड घड्याळाच्या डबीत बसेना, म्हणून दोन काचांच्या मध्ये ठेवून मांडीवर धरलेलं. आखाजीचा दिवस. वाटेत गावोगाव झाडांना झोके बांधलेले, पोरीबाळी गाणी म्हणत होत्या. फरशीपूल आला तेव्हा सुकलालभाऊंनी डोळे मिटून घेतले, त्या कार्डातल्यासारखे.

आबा निंबाखाली खाटेवर बसले होते. आम्ही अंगणाच्या तोंडाशी उभे राहिलो. ओट्यावर घागर भरून ठेवलेली, वर डांगर, म्हणजे खरबूज, बाजूला सांजोऱ्यांचं ताट. सुनेने आम्हाला पाहिलं आणि तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला. आबा म्हणाले, "कोन शे?"

तेव्हा मला दिसलं. आबांचे डोळे गेले होते. काचबिंदू. चार वर्षं झाली होती म्हणे. हे कुणी कळवणार कसं, बोलणंच नव्हतं. सुकलालभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या काचांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस इथेच बसतो की काय.

पण ते पुढे गेले. "आबा, मी. सुकलाल."

आबांचं तोंड आवाजाकडे वळलं. जा नाही, ये नाही. सुकलालभाऊंनी काचा उघडल्या आणि कार्ड आबांच्या हातात दिलं. "तेच कार्ड शे, आबा. तसंच दुसरं."

आबांनी ते दोन्ही हातांत धरलं. मग अंगठ्याने एक कोपरा चाचपला. दुसरा. तिसरा. चौथ्यावर अंगठा थांबला. "चार शेत," म्हणाले, चारी आहेत. आणि मग, "मंग तवय का बरं नही व्हतात?"

तेव्हा चौथा का नव्हता, म्हणत होते. सुकलालभाऊ मान खाली घालून उभे. सून पदराने डोळे पुसत होती. वर निंबात कावळे, पितरांच्या घासाची वाट बघणारे, त्यांचाच काय तो आवाज.

"चित्रमा काय शे?" आबांनी विचारलं.

"माय शे. मी टबमा बशेल शे. माय मन्हा कान घशी राह्यनी."

आबांच्या ओठांचा कोपरासुद्धा हलला नाही. कार्ड तसंच हातात. मग म्हणाले, "आनी मी?"

दोघंच आहेत हो त्या कार्डात. मी डोळ्यांनी पाहिलंय, भिंगातून पाहिलंय. म्हातारी आणि टबातला बाप्या, बाजूला कोरी भिंत. मी सुकलालभाऊंकडे बघितलं. ज्या माणसाने कुत्र्याची शेपूट दोन तास खरवडली, तो काय बोलणार ते मला माहीत होतं.

ते म्हणाले, "तू शे ना. तू पानी टाकी राह्यना."

आबांचा अंगठा कार्डावरून फिरला. मग हळूच, "बादलीघाई का लोटाघाई?" म्हणजे बादलीने की लोट्याने.

"लोटाघाई."

"हां," आबा म्हणाले. "लोटाच व्हता."

आणि कार्ड त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं, वरून हात दाबून धरला. बस म्हणाले नाहीत. जा म्हणाले नाहीत. सुनेने पाणी दिलं, सांजोरी दिली. सुकलालभाऊ ओट्याच्या पायरीपर्यंत गेले, घागरीला लांबूनच हात जोडले आणि परत फिरले. आम्ही निघालो तेव्हा आबा तसेच बसलेले होते, खिशावर हात ठेवून, तोंड आमच्याकडे नव्हतं.

परतीच्या एसटीत धुळं गेलं, पारोळा गेला. मग मला विचारलं, "अक्का, तुम्ही ते कार्ड नीट पाहिलं होतं ना?"

"पाहिलं होतं."

"तिसरं कुणी नव्हतं त्यात."

"नव्हतं, भाऊ."

"बरं," म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

त्यानंतर ते तीन महिने होते, दुकानही उघडत होते. पण माझ्या डोळ्यांपुढे राहिलेत ते दुसऱ्या दिवशी सकाळचे. मी रात्रीच्या उरलेल्या खिचडीचा डबा घेऊन गेले होते. दुकानात ते भिंग लावून बसलेले, पुढे अल्बम उघडा. त्या आंघोळीच्या कार्डाची जागा रिकामी, आणि त्या रिकाम्या जागेमागे लावायची चिठ्ठी ते लिहीत होते. मला बघून हाताने झाकली नाही. उलट जरा माझ्याकडे सरकवली. 'म्हातारी आई. टबात धाकटा मुलगा. थोरला मुलगा लोट्याने पाणी घालतो आहे. कोपरे चार.'

कोण हसलं, ती ओळ कोरी सोडली होती. शाईवर फुंकर मारत, डोळ्यावरचं भिंग न काढता ते म्हणाले, "डबा ठेवा तिथे अक्का. ऊन चढलंय, घरी जा."